वस्त्रे साताऱ्याची, कारभार पुण्याचा : राजकीय अधिकार कोठून येतो?

१८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदर किल्ल्यावर गंगाबाईंना मुलगा झाला. मुलाचे वडील नारायणराव पेशवे यांचा आदल्या वर्षी ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात खून झाला होता आणि त्यानंतर पेशवाईची वस्त्रे, म्हणजे छत्रपतींनी त्या पदावर नेमल्याची खूण म्हणून द्यायची मानवस्त्रे, चुलते रघुनाथराव यांनी मिळवली होती. रघुनाथरावांविरुद्ध एकत्र आलेल्या बारभाईंनी, म्हणजे सखारामबापू बोकील, नाना फडणीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, हे मूल चाळीस दिवसांचे होताच त्याच्या नावाची पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहून छत्रपतींकडून आणवली. छत्रपती स्वतः साताऱ्यात जवळजवळ नजरकैदेत होते. ज्याच्या हाती काही नाही अशा राजाने, ज्याला अजून मानही धरता येत नाही अशा बाळाला, राज्याचा कारभार सोपवला. आणि ज्यांच्या हाती खजिना, फौज, किल्ले आणि मुत्सद्दीपणा असे सगळे होते, त्या बारभाईंना या बाळावाचून पाऊल टाकता येत नव्हते.

हा केवळ दरबारी सोपस्कार होता, असे म्हणून पुढे जाणे सोपे आहे. पण एखाद्या परगण्यातील कमाविसदाराच्या, म्हणजे वसुली अधिकाऱ्याच्या, जागी स्वतःला ठेवून पाहावे. वसुलीची रक्कम गोळा झालेली आहे. ती पाठवा म्हणून एक पत्र रघुनाथरावांचे आले आहे आणि दुसरे पुरंदराहून. रक्कम चुकीच्या बाजूला गेली तर उद्या तीच पुन्हा मागितली जाईल आणि वर हरामखोरीचा ठपका बसेल. अशा वेळी त्याला कोणाकडे फौज जास्त आहे याचा अंदाज घ्यावा लागतोच, पण तेवढ्याने भागत नाही. आपण केले ते धन्याच्या हुकुमाने केले, असे उद्या कोणासमोरही सांगता येईल असा आधार त्याला हवा असतो. चाळीस दिवसांच्या बाळाच्या अंगावरील वस्त्रांनी तो आधार पुरवला.

राज्यशास्त्रात या प्रसंगातील तीन गोष्टींना तीन वेगळी नावे आहेत. दुसऱ्याकडून त्याच्या इच्छेविरुद्धही काम करवून घेण्याचे सामर्थ्य म्हणजे सत्ता. ‘बळी तो कान पिळी’ ही म्हण तिचेच वर्णन करते. हुकूम देण्याचा मान्य झालेला हक्क म्हणजे अधिकार. आणि तो हक्क योग्य आहे, तो पाळणे रास्त आहे, अशी पाळणाऱ्यांच्या मनातील भावना म्हणजे अधिमान्यता. शब्द जड आहे, पण अर्थ रोजच्या व्यवहारातला आहे. महिलांसाठी राखीव असलेल्या सरपंचपदावर बाई निवडून येतात आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात खुर्चीवर त्यांचे पती बसलेले दिसतात, तेव्हा सत्ता पतीकडे असते, अधिकार बाईंकडे असतो, आणि ठरावावर सही मात्र बाईंचीच लागते. त्या सहीवाचून पतीला एक पाणीपट्टीही बदलता येत नाही. बाईंनी एके दिवशी सही करायचे नाकारले, की त्या घरातील आणि त्या गावातील समीकरण बदलू लागते, आणि असे नकार आता अगदीच दुर्मीळ राहिलेले नाहीत.

लोक हुकूम का मानतात, या प्रश्नाचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर (१८६४–१९२०) यांनी दिले. त्यांनी अधिकाराचे तीन प्रकार सांगितले. पूर्वापार चालत आले आहे म्हणून मानला जातो तो पारंपरिक अधिकार : गादी, वतन, घराणे. एखाद्या व्यक्तीच्या असामान्य गुणांवरील श्रद्धेतून येतो तो विभूतिमत्त्वाचा अधिकार. आणि नियमांनी ठरवून दिलेल्या पदामुळे, त्या पदापुरता आणि त्या मुदतीपुरता मिळतो तो कायदेशीर अधिकार. तहसीलदाराची बदली झाली, की त्याच्या सहीला शून्य किंमत उरते, हे याचे खरे लक्षण. वेबर यांनी हे तीन साचे विचाराच्या सोयीसाठी मांडले होते. प्रत्यक्षात कोणतेही राज्य एकाच साच्यात बसत नाही, आणि एका प्रकारचा अधिकार दुसऱ्या प्रकाराचे कपडे घालून येतो तेव्हाच खरी गंमत असते. मराठी राज्याचा इतिहास या दृष्टीने वाचला तर तो या विषयाचे सर्वांत चांगले पाठ्यपुस्तक ठरेल, असे मला वाटते.

शिवाजी महाराजांची मुद्राच पाहा. प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणे वाढत जाणारी, विश्वाला वंद्य असणारी, शहाजीपुत्र शिवाची ही मुद्रा कल्याणासाठी शोभते आहे, असा तिचा अर्थ. राज्याभिषेकाच्या कितीतरी आधीपासून ती पत्रांवर उमटत होती. ‘शाहसूनोः’ या शब्दात घराण्याचा आधार आहे, ‘विश्ववंदिता’ या शब्दात लोकांच्या आदराचा दावा आहे, आणि ‘भद्राय’ या शब्दात हा अधिकार कशासाठी आहे ते सांगितले आहे. त्या काळातील बहुतेक शिक्के कोणत्या तरी बादशहाचे सेवकत्व मिरवत असत. हा शिक्का कोणाचेही सेवकत्व सांगत नाही.

तरीही १६७४ पर्यंत एक अडचण शिल्लक होती. महाराजांच्या पराक्रमाबद्दल शत्रूलाही शंका नव्हती, पण कागदोपत्री ते कोण होते? आदिलशाहीच्या दृष्टीने एका जहागीरदाराचे बंडखोर पुत्र. मोगलांच्या दृष्टीने १६६८ साली औरंगजेबाने ‘राजा’ हा किताब दिलेले एक संस्थानिक. आणि जुन्या मराठा घराण्यांतील अनेकांच्या दृष्टीने आपल्याच बरोबरीचे एक सरदार. अशा माणसाने दिलेले इनाम त्याच्या पश्चात टिकेल का, त्याने केलेला निवाडा अंतिम मानायचा का, त्याची चाकरी सोडून विजापूरला जाणे ही फितुरी की केवळ धनी बदलणे, या प्रश्नांना तलवार उत्तर देऊ शकत नाही. विभूतिमत्त्वाच्या अधिकाराची ही मूळचीच दुखरी बाजू आहे : तो माणसाबरोबर असतो, आणि माणूस मर्त्य असतो. म्हणून त्याला पदात, गादीत, प्रथेत मुरवावे लागते.

६ जून १६७४ रोजी रायगडावर जे झाले ते या दृष्टीने पाहिले पाहिजे. काशीहून आलेल्या गागाभट्टांनी वैदिक पद्धतीने राज्याभिषेक केला. त्याआधी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी महाराजांची मुंज झाली, कारण क्षत्रियत्व मान्य झाल्याशिवाय हा विधीच होऊ शकत नव्हता. नवा शक सुरू झाला, होन आणि शिवराई ही नाणी पाडली गेली, कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश तयार झाला, आणि मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन नजराणा घेऊन हजर राहिला. यांतील प्रत्येक गोष्ट वेगळ्या श्रोत्यासाठी होती : मुंज आणि मंत्र शास्त्र मानणाऱ्यांसाठी, नाणी बाजारासाठी, कोश कारकुनांसाठी आणि वकिलाची भेट परकीयांसाठी. एवढ्यावरही काम संपले नाही. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला निश्चलपुरी गोसावी यांच्या हातून तांत्रिक पद्धतीने दुसरा राज्याभिषेक झाला. त्यामागची कारणे अनेक सांगितली जातात, पण वैदिक विधीने सर्वांचे समाधान झाले नव्हते एवढे त्यावरून दिसते. एकाच राज्यात अधिमान्यतेची एकाहून अधिक दुकाने असू शकतात.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. राजाला मान्यता पुरोहिताने द्यायची, तर पुरोहिताला मान्यता कोण देतो? हा प्रश्न सव्वादोनशे वर्षांनी कोल्हापुरात पुन्हा उभा राहिला. १८९९ साली पंचगंगेवर स्नानाच्या वेळी शाहू महाराजांसाठी वेदोक्त नव्हे तर पुराणोक्त मंत्र म्हटले जात असल्याचे उघड झाले आणि वेदोक्ताचे प्रकरण पेटले. शिवछत्रपतींच्याच घराण्यातील राजाला क्षत्रियाचे मंत्र नाकारले जात होते. महाराजांनी नकार देणाऱ्या राजोपाध्यांची इनामे जप्त केली, आणि पुढे १९२० साली क्षात्रजगद्गुरूचे स्वतंत्र पीठच निर्माण केले. गागाभट्टांकडून मान्यता घेणे आणि मान्यता देणारे पीठच नव्याने उभारणे यांत जे अंतर आहे, ते महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचे अंतर आहे, आणि जोतीराव फुले यांनी १८७३ साली स्थापन केलेला सत्यशोधक समाज त्या वाटेवरचा मोठा मुक्काम आहे.

वंशपरंपरा हा अधिकाराचा सर्वांत सोपा उगम वाटतो, कारण त्यात निवडण्याचे काम उरत नाही. प्रत्यक्षात तीही वादातून सुटत नाही. १७०७ साली औरंगजेबाच्या मृत्यूनंतर संभाजी महाराजांचे पुत्र शाहूराजे मोगलांच्या कैदेतून सुटून आले, तेव्हा राजाराम महाराजांच्या पत्नी ताराबाईंनी मांडलेला युक्तिवाद मोठा बिनतोड होता. संभाजी महाराजांच्या वेळचे राज्य मोगलांनी बुडवले. पुढे जे उभे राहिले ते राजाराम महाराजांनी झगडून मिळवले. तेव्हा त्यावर हक्क राजारामांच्या मुलाचा, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे थोरल्या पातीच्या रक्ताविरुद्ध कर्तबगारी, असा हा सामना होता. ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडच्या लढाईत सेनापती धनाजी जाधव शाहूराजांच्या बाजूला गेले आणि पारडे फिरले. वाद संपला मात्र नाही. तो १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या मान्य करूनच मिटवावा लागला.

त्याहून विलक्षण कथा रामराजांची आहे. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू महाराज निपुत्रिक वारले, तेव्हा लपवून वाढवलेला आपला नातू म्हणून ताराबाईंनीच पुढे आणलेले रामराजे गादीवर बसले. ते आपल्या मुठीत राहत नाहीत असे दिसताच त्याच ताराबाईंनी वर्षाच्या आत त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले आणि हा माझा नातू नव्हेच, असे जाहीर केले. १७५२ साली जेजुरीला खंडोबासमोर त्यांनी तशी शपथही घेतली. आता तर्काने पाहिले तर गोष्ट येथेच संपायला हवी होती. वंश हाच ज्या गादीचा आधार, त्या वंशाचा हा नव्हे असे घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीने देवासमोर सांगितले होते. पण रामराजे १७७७ साली मरेपर्यंत छत्रपतीच राहिले. पुरंदरावरील चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवाईची वस्त्रे आली, ती याच छत्रपतींकडून. सरदारांना, मामलेदारांना आणि पेशव्यांनाही गादीवर कोणीतरी मान्य असा माणूस हवा होता. तो मान्य आहे असे सगळे धरून चालले, म्हणून तो मान्य होता.

पेशव्यांच्या बाबतीत हेच उलट बाजूने दिसते. पहिल्या बाजीरावांच्या शिक्क्यात आधी ‘श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान’ हे शब्द येतात आणि मग ‘बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान’. १७५० च्या सांगोल्याच्या करारानंतर कारभार पूर्णपणे पुण्याकडे गेला, तरी पेशवे अखेरपर्यंत प्रधानच राहिले. गादी का बळकावली नाही, याचे उत्तर भीड किंवा निष्ठा एवढ्यात देता येणार नाही. शिंदे, होळकर, भोसले, गायकवाड हे सरदार पेशव्याचा हुकूम मानत, तो छत्रपतींच्या प्रधानाचा म्हणून. तो दुवा तोडला असता तर पुण्याचे पेशवे बरोबरीच्या सरदारांमधील एक झाले असते.

उसनी अधिमान्यता हा प्रकार याहूनही लांबचा पल्ला गाठतो. स्वतंत्र राज्याभिषेक झालेल्या घराण्याने १७१९ साली दिल्लीच्या बादशहाकडून सनदा घेतल्या. बाळाजी विश्वनाथ त्या घेऊन आले : स्वराज्याची, दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाईची आणि सरदेशमुखीची. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे दहावा. त्याबदली बादशहाच्या चाकरीसाठी पंधरा हजार फौज बाळगण्याची अट. मराठे चौथाई आधीपासूनच गोळा करत होते. घोडी तीच, शेतकरी तोच, रक्कमही तीच. पण कालपर्यंत मोगल अधिकाऱ्यांच्या दृष्टीने जी लूट होती, तिच्या जागी आता हक्क आला, आणि तो अडवणारा सुभेदारच बादशहाच्या फर्मानाचा अवमान करणारा ठरू लागला. १७८४ साली महादजी शिंदे यांनी शाह आलम बादशहाकडून पेशव्यांसाठी ‘वकील-इ-मुतलक’, म्हणजे बादशहाचा सर्वाधिकारी प्रतिनिधी, हे पद मिळवले. १७९२ साली त्याचा थाटाचा दरबार पुण्यात झाला, तेव्हा बादशहा आंधळा झालेला होता आणि महादजींच्याच आश्रयावर जगत होता. नाना फडणिसांचा आक्षेप होता, की छत्रपतींच्या प्रधानाने परक्या बादशहाचे किताब कसे घ्यायचे. त्यासाठी साताऱ्याची परवानगी आणवली गेली. एका असहाय बादशहाने दिलेले पद, एका असहाय छत्रपतीच्या परवानगीने, तरुण पेशव्याने स्वीकारले. खुद्द महादजी मात्र स्वतःला पाटील म्हणवून घेत राहिले, आणि हेही एक प्रकारे गावगाड्यातील जुन्या अधिकाराला दिलेले मोलच होते.

ईस्ट इंडिया कंपनीला हे गणित फार लवकर कळले होते. बक्सारची लढाई जिंकल्यावरही तिने १७६५ साली बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, शाह आलमकडून रीतसर मागून घेतली, आणि १८३५ पर्यंत आपल्या रुपयांवर त्याचेच नाव ठेवले. महाराष्ट्रात तिने हाच डाव अधिक सफाईने खेळला. १० फेब्रुवारी १८१८ रोजी साताऱ्याचा किल्ला इंग्रजांच्या हाती आला, तेव्हा त्यावर छत्रपतींचे निशाण लावले गेले. दुसऱ्या दिवशी कंपनीचे अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी जाहीरनामा काढला : पेशवा दुसऱ्या बाजीरावाची सत्ता संपली, साताऱ्याच्या राजाला राज्य मिळेल, वतने, इनामे आणि धर्म यांना धक्का लागणार नाही. त्या दिवशी हे राजे, म्हणजे प्रतापसिंह महाराज, इंग्रजांच्या ताब्यातही नव्हते. ते बाजीरावाच्या छावणीत होते आणि आष्टीच्या लढाईत, म्हणजे आठवडाभरानंतर, इंग्रजांच्या हाती लागले. माणूस मिळण्याआधीच त्याचे नाव वापरून झाले होते.

त्या जाहीरनाम्याचा परिणाम झाला, त्याला दुसऱ्या बाजीरावाचा कारभारही तितकाच कारण होता. परंपरेने पाहता तो बाळाजी विश्वनाथांचा वंशज होता, वस्त्रेही रीतसर आली होती. पण मामलती, म्हणजे परगण्यांच्या वसुलीचे काम, सर्वांत जास्त बोली लावणाऱ्याला मक्त्याने देण्याच्या त्याच्या पद्धतीने मक्तेदार रयतेला पिळू लागले, आणि जुनी सरदार घराणी दुखावली गेली. मुद्रेतील ‘भद्राय’ हा शब्द गळून पडला, की उरलेल्या शब्दांना फार काळ आधार राहत नाही. वेबर यांच्या तीन प्रकारांत राज्यकारभाराच्या फळाला स्वतंत्र जागा नाही. ती त्यांच्या मांडणीतील मोठी उणीव आहे असे माझे मत आहे.

प्रतापसिंहांना कंपनीने १८३९ साली कटाचा आरोप ठेवून पदच्युत केले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि तेथे तेराएक वर्षे झगडले. त्यांनी आधार घेतला तो १८१९ च्या तहाचा : तुम्हीच सही केलेल्या कागदानुसार वागा आणि आरोपांची चौकशी करा. राजाच्या गादीसाठी चाललेली ही लढाई भाषेने पूर्णपणे कायद्याची होती. ती हरली, १८४८ साली सातारा खालसाही झाले. मात्र राज्यकर्त्याला त्याच्याच नियमांच्या कचाट्यात धरण्याची ही रीत पुढे येथील राजकारणाने चांगलीच आत्मसात केली.

भारतीय संविधानाने अधिकाराचा उगम एका वाक्यात बदलला. ‘आम्ही भारताचे लोक’ हे संविधान ‘स्वतःप्रत अर्पण’ करतो. देणारा आणि घेणारा एकच. त्यामुळे राज्यपालांनी दिलेली शपथ ही आजची वस्त्रेच असली, तरी त्यामागचा आधार सभागृहातील बहुमताचा आहे. १९९४ च्या बोम्मई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने हे बहुमत राजभवनात नव्हे तर सभागृहातच मोजले जावे, असे स्पष्ट केले. गावपातळीवर हाच बदल पाटीलकीच्या रूपाने झाला : वंशपरंपरेने चालणारी महसुली पाटीलकी १९६२ च्या कायद्याने रद्द झाली, आणि आजचा पोलीस पाटील अर्ज करून, परीक्षा देऊन, ठरावीक मुदतीसाठी नेमला जातो. आडनाव मात्र राहिले, आणि निवडणुकीत ते अजूनही उपयोगी पडते. जात पंचायतींचा बहिष्कार मात्र परंपरेने कितीही मान्य असला, तरी तो महाराष्ट्राने २०१६ च्या कायद्याने गुन्हा ठरवला आहे.

कायदेशीर असणे आणि अधिमान्य असणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक महाराष्ट्रातील शहरांनी नुकताच अनुभवला. मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद आणि प्रभागरचनेतील बदल यांत निवडणुका अडकल्या, आणि तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांनी कारभार पाहिला. त्यांचे आदेश कायद्याने वैध होते. अंदाजपत्रके मंजूर झाली, निविदा निघाल्या, मालमत्ता कराची बिले वेळेवर आली आणि लोकांनी ती भरली. तरी नळाला पाणी येत नसले, तर पूर्वी सकाळी नगरसेवकाच्या दारात जाऊन आवाज चढवणारा माणूस आता ऑनलाइन तक्रार नोंदवून तिचा क्रमांक मोबाइलमध्ये जपून ठेवत होता, आणि पुढच्या वेळी मत कोणाविरुद्ध द्यायचे हे त्याला सांगता येत नव्हते.